अप्पांची गाडी का थांबली

गवीपुरम, बंगळूर
१७ जुलै १९६१

श्रीधरअण्णा,

नमस्कार शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. तुझं कार्ड काल मिळालं. सहा वर्षांत तुझी चार कार्डं आली. तीन आईच्या नावावर होती. हे चौथं पहिल्यांदा माझ्या नावावर आलं, आणि त्यातही मी जिवंत आहे की मेले याची चौकशी नाही. दसऱ्याला येतोस, येताना यशवंतपूरचा भंगारवाला विठोजी बरोबर आणतोस, अप्पांची गाडी तो तोडून नेणार आणि शेड मोकळी होणार, एवढंच. वर लिहितोस, त्या गाडीकडे बघवत नाही. पुण्यात बसून तुला ती दिसते कुठे? मला रोज दिसते. तुळशीला पाणी घालायला गेलं की समोर ताडपत्रीचा तो ढीग असतोच.

गाडी भंगारात जाणार नाही.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर, हात पुसत, सगळ्या भाऊबंदांसमोर तू जे बोललास ते मी शब्दाला शब्द लिहून दाखवू शकते. "पुष्पीनं त्या इंजिनात हात घातला नसता तर अप्पा दवाखान्यात पोचले असते." मी तेव्हा गप्प बसले. तुला वाटलं, खाली मान घातली म्हणजे कबूल केलं. मी गप्प बसले कारण गाडी का थांबली हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना वाद घालू नये हे अप्पांनी शिकवलं होतं. मग मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि सहा वर्षं उचलली नाही. हा माझा भित्रेपणा, तो मात्र कबूल आहे.

आज सकाळी उचलली.

आता नीट वाच. दसऱ्याच्या आत गाडी का थांबली ते मी शोधून काढणार. दोष माझ्या हातचा निघाला तर विठोजीला किल्ली मी स्वतः देईन आणि तुझं म्हणणं त्याच भाऊबंदांना बोलावून खरं करीन. नाही निघाला तर तू यायचं आणि त्याच अंगणात उभं राहून शब्द परत घ्यायचा. विठोजीला तोवर थोपवून धर.

राग उतरलेला नाही, म्हणून नमस्कार नाही.

पुष्पावती


१३ ऑगस्ट १९६१

अण्णा,

तुझं उत्तर नाही. बरं आहे. गप्प बसलेला माणूस निदान अडवत तरी नाही.

आज गाडी सुरू झाली.

तू या कामात कधी नव्हतासच, म्हणून पहिल्यापासून सांगते. पन्नास साली त्या काळ्या मॉरिसच्या इंजिनाचा ठोकळा तडकला. लोक म्हणाले, विकून टाका. अप्पांनी मिलिटरीच्या लिलावातून जीपचं इंजिन आणलं आणि तुला हाक मारली. तुझी परीक्षा होती. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तुझे हात काळे होत होते. तिसऱ्यांदा त्यांनी मला हाक मारली. चिकपेटेत शिवणाची मशिनं दुरुस्त करणारा माणूस आणि त्याची सासरहून परत आलेली मुलगी, दोघांनी मिळून अकरा महिन्यांत ते इंजिन त्या गाडीत बसवलं. नवं इंजिन उंच होतं, वरचं झाकण लागेना. अप्पांनी ते ठोकून ठोकून फुगवलं, आणि गल्लीनं गाडीचं नाव 'पोटुशी' ठेवलं. तू त्या नावानं लाजायचास. अप्पा मात्र विचारणाऱ्याला सांगायचे, हिला अकरावा महिना लागलाय.

सहा वर्षांनी उघडली तर मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता. जुनं पेट्रोल टाकीत आटून राळेसारखं झालेलं. टाकी जागेवरच ठेवून, खालचा बोल्ट काढून जेवढं निघालं तेवढं काढलं. ब्रेकची रबरं नवी घातली. ठिणगी पाडणाऱ्या टोकांवर गंज होता, तो मशिनच्या कामाच्या बारीक कानशीनं घासला. शेजारचे जयतीर्थाचार तुला आठवत असतील, बस डेपोतले फिटर. आता निवृत्त झालेत, हात थरथरतात म्हणून पाना धरत नाहीत, पण कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसतात आणि तोंडानं गाडी दुरुस्त करतात. मी वायर उलटी जोडली की पूजेतनंसुद्धा ओरडतात.

चौथ्या खेपेला इंजिन धडधडलं. अंगणभर धूर झाला. जयतीर्थाचार उभे राहिले. मी रडले, हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगते.

आई मागच्या दारापर्यंत आली, आवाज ऐकला आणि आत गेली. अप्पा गेले त्या दिवसापासून ती शेडकडे फिरकलेलीच नाही. तिला ती गाडी म्हणजे काय वाटत असेल ते मी विचारत नाही.

मी केलेलं प्रत्येक काम पुन्हा उघडून पाहिलं. वायरी, नळ्या, पंप. सगळं चोख आहे. हे तू लिहून ठेव.

पुष्पावती


१० सप्टेंबर १९६१

अण्णा,

अखेर पत्र आलं तुझं, आणि तेही चांगलं दोन पानी. बंगळुरातून कुणीतरी तुला कळवलं की नरसिंगरावांची मुलगी भरदिवसा मोटार हाकत बसवनगुडीच्या चढावर दिसली, आणि तुझी पुण्यात मान खाली गेली. मान वर कर. माझ्याकडे चोपन्न सालापासून लायसन्स आहे. अप्पांनी स्वतः नेऊन काढून दिलं होतं. ते तुला माहीत होतं, तरी त्या दिवशी तू मला स्टिअरिंगवर बसू दिलं नाहीस.

मला रस्त्यावर जावंच लागलं, कारण अंगणात गाडी तासभर उभ्या उभ्या चालली तरी काही होत नव्हतं. रस्त्यावर दहा मिनिटांत, चढ लागला की दोन आचके आणि बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. अगदी त्या दिवशीसारखं.

त्या दिवसाचं तू भाऊबंदांना अर्धंच सांगितलंस. उरलेलं मी सांगते. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी जेवताना अप्पांच्या छातीत कळ आली. तू किल्ली घेतलीस. मी मागे बसले, अप्पांचं डोकं माझ्या मांडीवर. त्याच चढावर गाडी थांबली. त्याआधीच्या दोन आठवड्यांत ती माझ्याकडून दोनदा अशीच थांबली होती, आणि दोन मिनिटं बंद ठेवली की चालते हे मला कळलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, स्वल्प थांब. दोन मिनिटं हात लावू नकोस." तू स्टार्टर दाबत राहिलास. बॅटरी संपेपर्यंत दाबलास. मग टांगा शोधायला धावलास. तू टांगा घेऊन आलास तेव्हा त्याची गरज राहिली नव्हती.

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आज लिहिते, कारण तुझ्या दोन पानांत "तुझा हट्ट" हा शब्द सात वेळा आहे.

आता कामाचं. पेट्रोलच्या पंपाला खाली काचेची वाटी असते. चढावर गाडी बंद पडल्या पडल्या मी झाकण उघडून पाहिलं, वाटी कोरडी. म्हणजे पेट्रोल मागूनच येत नाही. जयतीर्थाचार म्हणाले, उन्हानं नळीत वाफ धरत असेल, ओलं फडकं गुंडाळा. गुंडाळलं. बंद. टाकीला हवा मिळत नसेल म्हणून झाकण सैल ठेवलं. बंद. नळी काढून फुंकली, वारा आरपार जातो. पुन्हा जोडली, पुन्हा चढ, पुन्हा बंद. चार दिवस हेच केलं. मी रस्त्यात पाना आपटला आणि म्हटलं, ही गाडी खोटारडी आहे. जयतीर्थाचार शेजारी बसले होते. ते म्हणाले, "बंडी कधी सुळ्ळु बोलत नाही, पुष्पक्का. माणूस बोलतो." बंडी म्हणजे गाडी, सुळ्ळु म्हणजे खोटं, पुण्यात राहून विसरला असशील.

ते सहज बोलले. मला मात्र घरी येईपर्यंत ते टोचत राहिलं. का, ते आज लिहीत नाही.

आता टाकीच खाली उतरवायची राहिली आहे.

पुष्पावती


१ ऑक्टोबर १९६१

अण्णा,

हे पत्र एकट्यानं वाच. वहिनीलाही दाखवू नकोस. वाचून फाड.

टाकी उतरवली. आतलं पेट्रोल अप्पांच्या जुन्या धोतरातून गाळून घेतलं. वर तांदूळ राहिले. अक्षता, अण्णा. चांगली मूठभर. हळद अजून ओळखू येते. पेट्रोलात तांदूळ शिजत नाही, फुगत नाही, कुजत नाही. सहा वर्षं तसाच पडून होता.

मग सगळं लख्ख कळलं. अंगणात इंजिन थोडंथोडं पितं, तेव्हा दाणे तळाशी पडून असतात. चढावर ते जोरानं ओढतं, दाणे ओढले जाऊन नळीच्या तोंडाशी गर्दी करतात आणि बोळा बसतो. गाडी बंद पडली, ओढ थांबली, की दाणे सुटून खाली बसतात. त्याला दोन मिनिटं लागतात.

आता दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही लिहायला मला तीन दिवस लागले.

पहिली माझी. ऑगस्टात मी तुला ठणकावून लिहिलं की माझं काम चोख आहे. ते खोटं होतं. टाकीच्या आत, नळीच्या तोंडाला, बारीक जाळी होती. पंचावन्नच्या श्रावणात ती गंजून फाटली म्हणून मी काढली. नवी पितळी जाळी आणून बसवायची होती. जाळीचं दुकान आपल्या दुकानापासून तीस पावलांवर आहे. अप्पांनी दोनदा विचारलं, जाळी आणलीस का गं? दोन्ही वेळा मी उद्या म्हटलं. हे मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. पण कचरा नसेल तर जाळीवाचून अडत नाही, आणि टाकीत कचरा येणार कुठून, असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आले. म्हणजे तेराव्याला तू बोललास ते अर्धं खरं होतं. लिहिताना जीव जळतो, तरी लिहिते.

दुसरी गोष्ट. अक्षता आईनं घातल्या.

तिला मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. खंडेनवमीला ती दुकानात येऊन काय करायची ते आठव. एकेका मशिनला हळदकुंकू लावायची आणि सुई जिथं कापडात शिरते तिथं चिमूटभर अक्षता ठेवायची. कात्रीच्या पात्यात, घरी जात्याच्या तोंडात. वर्षभर राबणाऱ्याचं तोंड पूजेच्या दिवशी रिकामं ठेवू नये, हे तिचं म्हणणं. गाडी नवी आली त्या वर्षी तिनं अप्पांना विचारलं होतं, हिचं तोंड कुठलं? अप्पा हसून म्हणाले, मागं, त्या झाकणाखाली. खाते तिथून आणि ओरडते इकडून. मी तिथंच उभी होते, मीही हसले. आम्ही गंमत केली आणि तिनं ते मनात धरलं. दर नवमीला ती चिमूट घालत आली असणार. जाळी होती तोवर काही बिघडलं नाही. मी जाळी काढली, आणि दोन महिन्यांत नवमी आली.

आता माझं ऐक. हे तिला कळता कामा नये. आज नाही, तू आल्यावर नाही, भांडणाच्या भरात नाही, ती अंथरुणाला खिळली तरी नाही. सहा वर्षं तू दोष दिलास आणि मी तो वागवला. माझी पाठ मजबूत आहे. तिनं तो एक दिवसही वागवायचा नाही. कुणी विचारलं तर सांग, टाकीत गंज होता, पुष्पीनं जाळी बसवली नव्हती. तेही खरंच आहे.

आणि मी दिलेला शब्द. दोष माझ्या हातचा निघाला तर किल्ली देईन, असं मी लिहिलं होतं. निघाला. पण किल्ली देणार नाही. गाडी दारातून गेली की आई विचारील, का दिलीस, काय सापडलं? आईशी मला कधी खोटं बोलता आलं नाही. गाडी चालत राहिली तर ती काही विचारणार नाही. म्हणून मी शब्द मोडते आहे, समजून उमजून. भाऊबंदांना खुशाल सांग, पुष्पी शब्दाची कच्ची आहे.

अप्पा दवाखान्यात पोचून वाचले असते का, ते मला माहीत नाही. तुलाही नाही. आता ते कुणाकडूनच कळायचं नाही.

पुष्पी


दसरा, १९६१

श्रीधरअण्णास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र नवमीच्या आदल्या दिवशी आलं. दोनच ओळी. विठोजीला नको म्हणून कळवलंय, या दसऱ्याला यायचं धैर्य होत नाही. आणि खाली, "त्या दिवशी तू दोन मिनिटं थांब म्हणालीस ते मी ऐकलं होतं."

अण्णा, तू ऐकलं होतंस हे मला माहीत होतं. अप्पा मागे कण्हत असताना हात आवरून दोन मिनिटं बसणं मला तरी जमलं असतं का, कुणास ठाऊक. तू अंगणात उभं राहून शब्द परत घ्यायचा, अशी माझी अट होती. ती मी सोडते. ही ओळ मला पुरे आहे. बाकीच्या बाबतीत मी होते तशीच आहे, तेव्हा फार विरघळू नकोस.

विठोजी तुझं ऐकूनही परवा येऊन गेला. म्हणाला, बघून तरी जातो. मी इंजिन सुरू करून दाखवलं. तो कान देऊन ऐकत राहिला, मग म्हणाला, "अक्का, ही तोडायची वस्तू नाही," आणि चहा पिऊन गेला. तुझ्यापेक्षा भंगारवाला शहाणा निघाला.

आता कालचं. ते लिहायलाच बसले आहे.

मी नळीच्या तोंडाला नवी जाळी बसवली. शिवाय टाकीच्या वरच्या तोंडात, झाकणाच्या लगेच खाली, पितळी जाळीची खोल वाटी करून बसवली. चहाच्या गाळण्यासारखी, हवी तेव्हा उचलून काढता येते. कथलाचा डाग दिला, पेट्रोल ओतून पाहिलं. जयतीर्थाचारांनी विचारलं, वर कशाला, खालची पुरे आहे की. मी म्हटलं, असू दे.

काल सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. आईला बोलवायचं की नाही याचा विचार करत होते, तर तीच ताट घेऊन मागच्या दारातून आली. सहा वर्षांनी. सावकाश चालत आली, पुढच्या फुगवट्यावर हात ठेवला, हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मग मागच्या बाजूला गेली आणि तिथं उभी राहिली. चिमटीत अक्षता होत्या. हात मात्र पुढे होईना.

मी म्हटलं, काय झालं?

ती माझ्याकडे न बघता बोलली. "त्या वर्षी ह्यांचं बरं नव्हतं, म्हणून मी दोन चिमटी घातल्या होत्या. दर वर्षीपेक्षा जास्त. म्हटलं, दवाखान्यापर्यंत न्यायची वेळ आली तर हिला ताकद असावी." आणि मग म्हणाली, "कमी पडल्या गं. मूठभर घालायला हव्या होत्या."

अण्णा, सहा वर्षं ती हे घेऊन बसली होती. म्हणून शेडकडे येत नव्हती. आपण दोघं दोष एकमेकांकडे लोटत होतो आणि ती स्वयंपाकघरात बसून आपली चिमूट मोजत होती.

सांगावं वाटलं, आई, कमी नव्हत्या. पण ते वाक्य पुरं करायची माझी हिंमत नव्हती. मी झाकण फिरवून काढलं आणि म्हटलं, "यंदा मूठभर घाल. हिला आवडतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ताटातल्या सगळ्या अक्षता मुठीत घेतल्या आणि टाकीच्या तोंडात सोडल्या. पितळेवर दाण्यांचा आवाज झाला. तिला तो ऐकू आला असेल, पण तिनं काही विचारलं नाही. झाकण मात्र तिनं स्वतः लावलं, घट्ट.

आज बन्नीची पानं, म्हणजे शमीचं सोनं, वाटायला तिला गाडीतून घेऊन गेले. पुढे, माझ्या शेजारी. बसवनगुडीच्या चढावर मी मनातल्या मनात अप्पांना हाक मारली, दुसरं काय करणार. गाडी एकदाही अडखळली नाही. चढ संपल्यावर आई म्हणाली, "सरी, ठीक झालं. आता घरी चल, आमटी चुलीवर आहे."

घरी आल्यावर ती आत गेली, आणि मी झाकण उघडून जाळीची वाटी काढली. सगळे दाणे तिच्यातच होते. पुडीत बांधून ठेवले आहेत.

दिवाळीला ये. कोणत्या रेल्वेनं येतोस ते कळव, स्टेशनवर गाडी घेऊन मी येईन. चालवणार मी. तू मागे आईजवळ बसायचं आणि रस्ताभर एक अक्षर बोलायचं नाही.

आणि आलास की ती वाटी कशी निघते ते तुला दाखवते. डावीकडे अर्धा फेरा देऊन वर उचलायची. मी कधी आजारी असले, किंवा नसलेच, तर नवमीची पूजा झाल्यावर आईच्या नकळत ती झटकून पुन्हा बसवायची आहे. हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

तुझी,
पुष्पी